रजिस्टरची वही

गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत एका तरुण इंजिनीअरने मला गाठले. कुणीतरी त्याला सांगितले होते की मी या देशात पस्तीसेक वर्षे ड्रॉइंग ऑफिसमध्ये काढली. त्याने विचारले, "काका, तुमच्या वेळी डिझाइनच्या फायली सांभाळणारं सॉफ्टवेअर नव्हतं, क्लाउड नव्हता. मग हजारो ड्रॉइंग सांभाळायचात तरी कशी?"

मी म्हणालो, "वहीत लिहून."

तो मनापासून हसला. त्याला वाटले मी थट्टा करतोय. मोदक संपेपर्यंत विषय बदललाही. पण घरी येताना माझ्या मनात आले की, आखातातल्या मराठी माणसांबद्दल आपण स्मरणिकेत बरेच लिहितो. धाऊमधून आलेले व्यापारी, बँकेतले कारकून, डॉक्टर, शिक्षक. पण ज्यांच्या हातून इथल्या इमारतींचे कागद गेले त्या ड्राफ्ट्समन आणि डॉक्युमेंट कंट्रोलर मंडळींबद्दल फारसे कुणी लिहिलेले नाही. म्हणून हा लेख. त्यात इतिहास आहे, आणि माझी एक चूकही आहे.

पहिले नकाशे मुंबईकरांचे

या किनाऱ्याचे पहिले पद्धतशीर नकाशे काढले ते मुंबईच्या आरमाराने. १८२० साली इथल्या शेखांशी इंग्रजांचा तह झाला आणि त्याच दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'च्या गाय, ब्रक्स, हेन्स अशा अधिकाऱ्यांनी आखाताचे सर्वेक्षण केले. खाड्या, वाळूचे दांडे, पाण्याची खोली हे सारे मोजून कागदावर उतरवले. जहाज सुरक्षित आत येणार की वाळूत रुतणार, हे त्या कागदावर ठरे. आणि वाळूचा दांडा तर दरसाल हलतो! म्हणजे हातातला नकाशा नवा आहे की जुना, हा प्रश्न इथे पहिल्या दिवसापासून जिवावरचा होता.

कागद सांभाळण्याची विद्या आपल्या लोकांना नवी नव्हती. 'फडणीस' हे आडनाव 'फर्दनवीस' या फारसी शब्दावरून आले. फर्द म्हणजे नोंदीचा सुटा कागद, आणि तो लिहिणारा तो फर्दनवीस. पेशव्यांचे दप्तर आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मोडी कागदांच्या गड्ड्या कापडात बांधून ठेवल्या आहेत आणि त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद हवा तेव्हा सापडतो, कारण बांधणाऱ्याने तो कुठल्या रुमालात ठेवला हे कुणीतरी लिहून ठेवले. त्याही आधी समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर लिहिला आहे. कागद, शाई, बरू यांच्याबरोबर पोथ्या मेणकापडात, पेटीत, कुलपात जपण्याचा सल्लाही त्यात आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात कुलपाचा उल्लेख येतो, यातच सारे आले.

खाडी, बंदर आणि टॉवर

दुबईच्या आधुनिक बांधकामाची सुरुवात खाडीच्या गाळापासून झाली. १९५९ ते १९६१ या काळात, कुवेतकडून घेतलेल्या कर्जाच्या मदतीने, शेख रशीद यांनी खाडी खोल करून घेतली. आराखडा हॅल्क्रो या ब्रिटिश सल्लागार कंपनीचा होता. १९६० साली जॉन हॅरिस या ब्रिटिश वास्तुविशारदाने शहराचा पहिला विकास आराखडा काढला. त्या वेळी इथे व्यवहारात चालत होता तो रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया, हे नव्या पिढीला सांगितले की खरे वाटत नाही.

मग कामांचा सपाटाच लागला. पोर्ट रशीद १९७२ मध्ये सुरू झाले. सुरुवातीला चार धक्क्यांचा बेत होता, तो काम चालू असतानाच कितीतरी पट वाढवण्यात आला. १९७५ मध्ये शिंदगा बोगदा झाला. १९७९ मध्ये जॉन हॅरिस यांचाच ३९ मजली वर्ल्ड ट्रेड सेंटरचा टॉवर आणि जेबेल अली बंदर, या दोन्हींचे उद्घाटन इंग्लंडच्या राणीच्या हस्ते झाले. हाच टॉवर पुढे शंभर दिरहमच्या कागदी नोटेवर छापला गेला.

काम चालू असताना बंदर वाढते याचा ड्रॉइंग ऑफिसच्या दृष्टीने अर्थ काय, ते जरा विचारात घ्या. प्रत्येक बदलाबरोबर शेकडो नकाशे बदलतात. भिंतीचा नकाशा बदलला की सळईचा बदलतो, सळईचा बदलला की पाइपचा बदलतो. आणि प्रत्येकाची जुनी प्रत साइटवर कुणाच्या तरी खिशात असते. हे सगळे लोकांनी संगणकाशिवाय सांभाळले.

अमोनियाची खोली

मी आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून १९८४ साली शारजात उतरलो आणि डेऱ्यातल्या एका ऑफिसात रुजू झालो. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेने आणि ट्रेसिंग पेपर. चूक झाली तर दाढीच्या ब्लेडने शाई हलकेच खरवडायची. कागद फाटला तर दोन दिवसांचे काम गेले.

पॅसेजच्या टोकाला प्रिंटिंगची खोली होती. पिवळसर मसाला लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून यंत्रात घालायचे. प्रखर प्रकाशात मसाला जळून जाई, फक्त रेषांच्या सावलीत शिल्लक राही. मग अमोनियाच्या वाफेत त्या रेषा निळ्या होऊन उमटत. जुलै महिन्यात त्या खोलीत दहा मिनिटे उभे राहिले की डोळ्यांतून पाणी यायचे. सर्दी झालेल्याला मात्र आम्ही मुद्दाम तिकडे पाठवत असू!

त्या खोलीच्या दारात एक टेबल होते आणि टेबलामागे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ. आम्ही सगळे, अगदी मल्याळी आणि पाकिस्तानी मित्रसुद्धा, त्यांना 'काका'च म्हणायचो. हुद्दा साधा रेकॉर्ड क्लार्कचा. पण त्यांच्या सहीशिवाय ऑफिसातून एक कागद बाहेर जात नसे. त्यांच्यापुढे लांबलचक, कापडी बांधणीचे रजिस्टर असे. नकाशाचा क्रमांक, नाव, रिव्हिजन, तारीख, किती प्रती, कुणाला दिल्या, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही.

पद्धत साधी होती. मंजुरीआधीच्या रिव्हिजनना ए, बी, सी अशी अक्षरे. बांधकामासाठी नकाशा निघाला की शून्य, एक, दोन असे आकडे. जिथे बदल झाला तिथे ढगासारखी वळणदार रेघ आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजनची खूण. नवी प्रत साइटवर गेली की जुनी परत आणायची आणि तिच्यावर लाल शाईत 'सुपरसीडेड'चा शिक्का मारायचा. फाडायची मात्र नाही. मी एकदा विचारले, "काका, रद्द झालेला कागद ठेवून काय करायचं?" ते म्हणाले, "अरे, भांडण नेहमी जुन्या कागदावरूनच होतं. नव्यावरून कोण भांडतो?"

या व्यवस्थेची खरी ताकद मला पुष्कळ उशिरा कळली. मूळ ट्रेसिंग जगात एकच असे. ते एका वेळी एकाच बोर्डावर असू शके. माझ्या बोर्डावर असेल तर दुसऱ्याला त्यात बदल करणे अशक्य. आज ज्यासाठी लाखो दिरहमचे सॉफ्टवेअर घेतात, ती शिस्त कागदाच्या अंगातच होती.

आठ अक्षरांचा संसार

ऑटोकॅड १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले. आमच्या ऑफिसात ते दशक संपता संपता पोचले. बोर्ड कोपऱ्यात गेले, पेन प्लॉटर आला. एक मोठा नकाशा काढायला तो अर्धा अर्धा तास घेई आणि आम्ही चहाचा कप घेऊन त्याचा नाच बघत बसायचो.

पण संगणकाबरोबर एक नवी भानगड आली. फाइलची नक्कल हुबेहूब मूळ फाइलसारखी असते. दोन फ्लॉपी शेजारी ठेवल्या तर अस्सल कोणती आणि नक्कल कोणती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यातून तेव्हाच्या डॉस प्रणालीत फाइलचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. त्या आठ अक्षरांत सगळा संसार बसवायचा. आम्ही ठरवले, पहिले दोन आकडे कामाचे, एक अक्षर विषयाचे, दोन आकडे मजल्याचे, दोन आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचे एक अक्षर रिव्हिजनचे. झाली आठ. काका म्हणाले, "छान आहे. पण वही बंद करू नका."

आम्ही तरुण होतो. वही बंद झाली नाही, पण तिच्यात लिहिणे मागे पडू लागले. काका १९९० साली निवृत्त होऊन गावी गेले आणि टेबल रिकामे झाले.

अकरा भोके

ही गोष्ट १९९१ ची. एका पंप रूमच्या स्लॅबमधून पाइप जायचे होते. त्यासाठी काँक्रीट ओतण्याआधी नळकांडी, म्हणजे स्लीव्ह, बसवाव्या लागतात. सल्लागाराने त्यांची जागा ४५० मिलिमीटर सरकवली. मी बदल केला, पण घाईत फाइलच्या नावातले शेवटचे अक्षर बदलले नाही. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फायली दोन फ्लॉपींवर तयार झाल्या, एक जुनी, एक नवी. रात्रपाळीच्या मुलाने प्लॉट काढला तो जुन्या फ्लॉपीवरून. गुरुवारची संध्याकाळ होती, सगळ्यांना घरी जायची घाई. प्रिंट साइटवर गेली. वहीत नोंद नाही, घेणाऱ्याची सही नाही.

स्लॅब ओतला गेला आणि अकराच्या अकरा स्लीव्ह चुकीच्या जागी निघाल्या. मग हिऱ्याच्या कटरने तयार स्लॅबमध्ये नवी भोके पाडायची, सळया तुटणार म्हणून स्ट्रक्चरल सल्लागाराची परवानगी मिळवायची, काम थांबलेले, दंडाची भाषा. साहेबांनी मला विचारले, "नवी ड्रॉइंग पाठवली होती ना?" मी म्हणालो, "हो, पाठवली." माझी तशी खात्रीच होती.

साइटचा फोरमन कोल्हापूरकडचा होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तो परोपरीने सांगत होता, "साहेब, मला जी मिळाली तीच लावली." पण त्याच्या हातातली प्रिंट तोवर सिमेंट-पाण्यात गेली होती. माझ्याकडेही कागद नव्हता आणि त्याच्याकडेही नव्हता. अशा वेळी ऑफिसात बसलेल्याचा शब्द खरा ठरतो. त्याचा व्हिसा रद्द झाला.

तीन आठवड्यांनी टेबल आवरताना ती दुसरी फ्लॉपी माझ्या हाती आली. मशीनमध्ये घालून बघितली आणि पोटात गोळा आला. मी साहेबांना जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तो तर गेला." फोरमन पुढे मस्कतला लागला असे कुणाकडून तरी कळले. आमची भेट झाली नाही. वहीतली एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागते. ती ओळ असती तर त्याच्या घरचे पैसे बंद झाले नसते, हे मला अजून विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनरीच्या दुकानातून नवे रजिस्टर आणले आणि काकांच्या टेबलावर ठेवले. पुढची बरीच वर्षे ते मीच लिहिले.

विमानाच्या तारा अपुऱ्या पडल्या

माझी चूक अकरा भोकांची. पण हीच चूक मोठ्यांच्या हातूनही झालेली आहे, आणि तिची झळ आपल्या दुबईला लागली आहे. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या तारा असतात. विमानाचे भाग जर्मनीत हॅम्बुर्गला, फ्रान्समध्ये तुलूजला आणि इतर ठिकाणी बनत. डिझाइनसाठी सगळीकडे 'कॅटिया' हे एकच सॉफ्टवेअर, पण जर्मनीत चौथी आवृत्ती आणि फ्रान्समध्ये पाचवी. दोन्हींमधली माहिती एकमेकांशी नीट जुळत नव्हती. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या तारा तुलूजला जोडायला घेतल्या तेव्हा त्या अपुऱ्या पडू लागल्या.

२००६ साली एअरबसला एकामागून एक विलंब जाहीर करावे लागले. पुढील चार वर्षांत नफ्यात जवळजवळ ४.८ अब्ज युरोंची घट होईल असा अंदाज दिला गेला. बड्या अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. आणि या विमानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण? आपली एमिरेट्स. तिला पहिले ए-३८० मिळाले ते ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा, जुलै २००८ मध्ये. पुढे डिसेंबर २०२१ पर्यंत एमिरेट्सने अशी १२३ विमाने घेतली, हा भाग वेगळा.

मला या गोष्टीतून एवढेच दिसते. त्यांच्याकडे उत्तम सॉफ्टवेअर होते, हजारो इंजिनीअर होते. पण 'आपण सगळे एकाच कागदावर काम करतोय ना?' हा काकांचा प्रश्न वेळेवर विचारणारा कुणी नव्हता, किंवा विचारला तरी ऐकणारा नव्हता.

छोट्या ऑफिसची रीत

आता काळ बदलला आहे. दुबई म्युनिसिपालिटीने २०१३ मध्ये परिपत्रक काढून ४० मजल्यांहून उंच किंवा ३ लाख चौरस फुटांहून मोठ्या इमारती, रुग्णालये, विद्यापीठे अशांसाठी 'बिम', म्हणजे इमारतीचे त्रिमिती माहिती-प्रारूप, सक्तीचे केले. २०१५ मध्ये ती मर्यादा २० मजले आणि २ लाख चौरस फुटांवर आणली. मोठ्या प्रकल्पांत आता सगळे कागद इंटरनेटवरच्या प्रणालीतून फिरतात.

पण शारजाच्या औद्योगिक भागातल्या आठ-दहा माणसांच्या फॅब्रिकेशन ऑफिसला ही महागडी प्रणाली परवडत नाही. तिथे आजही सामाईक सर्व्हर, एक्सेलची शीट आणि एक जबाबदार माणूस यांवरच गाडा चालतो. आणि तो चालू शकतो. ब्रिटनच्या बीएस ११९२ या मानकाच्या २००७ च्या आवृत्तीने, आणि २०१८ पासून आयएसओ १९६५० ने, फायलींच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. काम चालू असलेली, इतरांना दाखवलेली, अधिकृत प्रसिद्ध केलेली आणि संग्रहात गेलेली. मी त्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला हसू आले. बोर्डावरची ट्रेसिंग, तपासायला दिलेली प्रिंट, काकांच्या सहीने बाहेर गेलेली प्रिंट आणि लाल शिक्क्याचा गठ्ठा. चारही आमच्याकडे होत्या!

म्हणून त्या तरुण मित्राला आणि त्याच्यासारख्यांना मी चार गोष्टी सांगतो. चार अवस्थांचे चार फोल्डर करा आणि फाइल एकाच ठिकाणी राहू द्या. नावाची पद्धत एकदा ठरली की 'फायनल', 'फायनल दोन', 'एकदम फायनल' असली नावे देऊ नका. 'फायनल' हे नाव नव्हे, ती आशा आहे. बाहेर जाणारा प्रत्येक कागद एकाच माणसाच्या हातून, पीडीएफ करून, नोंद होऊन जाऊ द्या. यंत्रांची डिझाइन करणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. एका सुट्या भागाच्या फाइलचे नाव कुणी परस्पर बदलले की तो भाग वापरणाऱ्या सगळ्या जोडण्या तुटतात. आणि जुने पुसू नका, बाजूला ठेवा.

कोपऱ्यातली अक्षरे

शेवटी एक विनंती. प्रत्येक नकाशाच्या उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिला टायटल ब्लॉक म्हणतात. त्यात 'कोणी काढले', 'कोणी तपासले' असे छोटे रकाने असतात आणि त्यांत दोन-तीन आद्याक्षरे. इमारतीच्या दारावरच्या संगमरवरी पाटीवर ज्यांचे नाव कधी लागणार नाही, अशा हजारो माणसांची या देशातली खूण तेवढीच आहे. त्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत.

निळ्या प्रिंट उन्हाने फिकट होतात. माझ्या पहिल्या फ्लॉपी आज कुठल्याही मशीनमध्ये उघडत नाहीत, पण १९८५ ची माझी एक ट्रेसिंग अजून स्वच्छ वाचता येते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कित्येक इमारती पाडल्या गेल्या, आणखी काही पाडल्या जातील. आपल्यापैकी कुणाच्या वडिलांच्या, काकांच्या ट्रंकेत एखादे जुने रजिस्टर, ट्रान्समिटलची फाइल किंवा ऑफिसच्या नव्हे तर स्वतःच्या नोंदींची डायरी असेल, तर आवराआवरीत ती रद्दीत देऊ नका. मंडळाला दाखवा. त्यांच्याशी बोला, त्यांनी कोणकोणत्या कामांवर हात चालवला ते तारखेसह लिहून घ्या.

काकांचे ते शेवटचे रजिस्टर माझ्याकडे आहे. ऑफिस बंद झाले तेव्हा मी ते मागून घेतले. १९९० पर्यंतच्या पानांवर त्यांचे टपोरे अक्षर आहे. त्यानंतर काही पाने कोरी. मी मुद्दाम ती तशीच ठेवली आहेत.